विषय फार स्थानिक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. सांगायचं ठरवलं की मी आधी आजूबाजूचं सांगत बसते — करार कसे होतात, व्हिसाला किती दिवस लागतात — आणि मग कुकर लावायची वेळ होते. आजही तसंच होईल की काय, माहीत नाही. थोडं सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरातल्या एका विद्यापीठात नोकरी करते. कुठल्या, ते विचारू नका. इथं आता एकच थोडंच आहे? आधी परीक्षा विभागात होते, मग आंतरराष्ट्रीय संबंध कक्षात आले. कक्ष अधिकारी. नाव मोठं आहे, खोल्या दोन आहेत. मला इथं आणलं ते माझ्या याद्यांमुळं, असं आमचे संचालक सर सगळ्यांना सांगतात. खरं आहे ते. मी कशाचीही यादी करते. बाजाराची, औषधांची, लग्नाला जाताना कुणाची साडी कुठल्या पिशवीत आहे त्याची. यादी केली की डोकं शांत होतं. ही एकच गोष्ट अशी आहे, जिची यादी मला करता आलेली नाही. कुठून सुरू करू? पहिल्या क्रमांकावर काय लिहू?

कक्षाचं काम आधी सांगते. परदेशी विद्यापीठांशी करार करायचे, तिकडचे पाहुणे आले की त्यांना फेटे बांधायचे, आपली मुलं तिकडं पाठवायची, आणि वर्षाच्या शेवटी या सगळ्याचा आकडा वर कळवायचा. किती करार, किती गेले, किती आले. मानांकनाला तो लागतो. आमचे बहुतेक करार भिंतीवर आहेत, चौकटीत. सह्या झाल्या, फोटो झाले, तांबडा-पांढरा रस्सा झाला, पाहुणे गेले, ते गेलेच. खरोखर चालू असा करार एकच — नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाशी. वर्षाला एक विद्यार्थी, एक सत्र, सगळा खर्च त्यांचा.

एक जागा. त्या एका जागेवर आमच्या कक्षाची सगळी अब्रू उभी होती म्हणा ना.

मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी ती जागा रिकामी गेली होती. मुलाचा व्हिसा आला, तिकीट निघालं, आणि निघायच्या आठ दिवस आधी घरच्यांनी चुलत्याच्या घरातल्या लग्नाचं कारण पुढं केलं. तो गेलाच नाही. तिथल्या समन्वयक बाईंचा मेल आला. डच माणसं सरळ लिहितात. खोली रिकामी राहिली, प्रयोगशाळेतलं टेबल रिकामं राहिलं, पुन्हा असं झालं तर करार पुढं चालवायचा की नाही याचा आम्हाला विचार करावा लागेल. सरांनी मेलची प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाले, “आता हे तुमच्याकडं.”

म्हणून मी तीन रकान्यांची यादी केली. नक्की, कच्चं, गळालं. निवडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव या तीनपैकी एका रकान्यात असणार आणि दर आठवड्याला मी ते तपासणार. सरांना फार आवडली होती ती पद्धत.

हे सगळं मी का सांगतेय? स्वतःची बाजू मांडतेय का? असेलही. पुढं जाते.

त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर प्राजक्ता चौगुले होती. एम.एस्सी.ची, पर्यावरणशास्त्र. शिरोळकडची. घरी ऊस, आणि वडिलांचं जयसिंगपुरात ठिबकच्या पाइपांचं दुकान. तिचा विषय होता क्षारपड जमीन. त्या भागात उसाला पाणी इतकं दिलं की खालचं मीठ वर आलं, आणि कित्येक रानं पांढरी पडली. तिच्या वडिलांचंही एक रान तसं आहे. तिनं अर्जासोबत दोन पानं लिहिली होती. लहानपणी ती त्या रानातून अनवाणी चालायची, आणि वरचा पांढरा थर पापडासारखा मोडायचा. तो आवाज तिला आवडायचा. आपलं रान मेलंय, हे तिला फार उशिरा कळलं. असं लिहिलं होतं तिनं. मी परीक्षा विभागात आयुष्य काढलेली बाई, असल्या लिहिण्यानं हलत नाही. पण ती दोन पानं मी दोनदा वाचली.

तिकडूनही मेल आला. समुद्राच्या मिठाशी आमच्या देशानं पिढ्यान्‌पिढ्या झगडा केलाय, ही मुलगी आम्हाला हवी आहे, तिच्या शेतातली माती घेऊन येता येईल का तेही बघू — असा. शेवटी: शुक्रवारपर्यंत विद्यापीठाकडून पक्कं कळवा.

हा मेल मी वाचला होता. एवढं लक्षात ठेवा.

बुधवारी दुपारी तिचे वडील आले. एकटेच. बाळगोंडा चौगुले, पांढरा सदरा, हातात कृष्णाकाठच्या वांग्यांची भरलेली पिशवी. पिशवी त्यांनी माझ्या टेबलाच्या पायाशी ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा मागवला. मग बोलायला लागले.

“मॅडम, पोरगी हट्टाला पेटलीया. तिकडं म्हणं दुपारी चारला अंधार पडतो. आम्ही जैन, आमच्यात कांदा-बटाटा चालत न्हाय, तिथं ती खाणार काय? बर्फ?”

मी म्हटलं, तिथं सगळं मिळतं. शाकाहारी पुष्कळ असतात.

“ते हाय की. पर आम्ही न्हाय म्हटलं, तर जल्मभर बापाच्या नावानं बोटं मोडंल. तुम्ही शिकलेली माणसं. तुमच्याकडनंच काय तरी...” ते थांबले. चहाच्या कपाकडं बघत म्हणाले, “सोयरीक नको असली, की पत्रिका जमत न्हाय म्हणून सांगतो न्हवं आपण? कुणाचं मन मोडत न्हाय. तसं.”

आणि लगेच हसले. हात हलवला. “ऱ्हाऊंद्या. मी आपलं बोललो. बघा की तुम्ही.”

मी “बघते” म्हटलं.

आता मला सांगा — त्यांनी मागितलं की नाही? मी हा प्रसंग इतक्या वेळा फिरवून पाहिलाय, की आता खरं काय झालं तेच धूसर झालंय. ते म्हणाले ‘तसं’, आणि मग म्हणाले ‘ऱ्हाऊंद्या’. यातलं कुठलं खरं? पत्रिकेचं मला कळलं होतं, अगदी नीट. माझ्या धाकट्या नणंदेच्या वेळी आम्ही स्वतः तीन घरांना तसं कळवलं होतं, तेही पत्रिका न उघडता. आपल्याकडं ही रीतच आहे. नकार कुणाचाच नसतो, ग्रहांचा असतो. त्या बापाला ग्रह हवे होते, आणि मी समोर बसले होते. असं असेल का? की एका घाबरलेल्या माणसाला फक्त दहा मिनिटं कुणापुढं तरी बोलायचं होतं?

गुरुवारी सकाळी मी यादी उघडली. प्राजक्ताचं नाव ‘नक्की’मधून काढून ‘कच्चं’मध्ये टाकलं. मग बराच वेळ त्याकडं बघत बसले. बाप असा डळमळीत. आदल्या वर्षीचं लग्न. डच बाईंचा मेल. दुसऱ्या क्रमांकावर शहरातला एक मुलगा होता, पासपोर्ट तयार, आई-वडील दोघंही नोकरीला, प्रश्न विचारणारं कुणी नाही. तिला एक फोन करावा, असं मनात आलं होतं का? आलं होतं. तिचा नंबर यादीतच होता, नावाच्या पुढं.

मी फोन केला नाही. तिचं नाव ‘गळालं’मध्ये टाकलं आणि मेल लिहिला: पहिल्या उमेदवारानं घरगुती कारणानं माघार घेतली आहे, दुसऱ्याचं नाव कळवत आहोत. पाठवला. मग वांगी घरी नेली, भरली वांगी केली. चांगली झाली होती.

तुम्ही म्हणाल, झालं हे सांगून. नाही. हे अजून ते नाही.

सोमवारी अकराच्या सुमाराला ती दोघं आली. बाप-लेक. प्राजक्ताच्या हातात फाइल होती. बाळगोंडा दारातूनच बोलत आत आले. “मॅडम, ठरलं. पाठवायची. हिच्या आईनं मला दोन दिस घरात बसू दिलं न्हाय. म्हणाली, तुमच्या पाइपा आणायला तुम्ही गुजरातला गेलता, तवा मी इचारलं काय, तिथं काय खाणार म्हणून?” प्राजक्ता हसत होती. तिनं तिथल्या एका भारतीय कुटुंबाशी बोलून स्वयंपाकघराचं ठरवलं होतं. मातीचा नमुना नेण्याची परवानगी कशी काढायची, तेही विचारून आली होती. मला तेव्हा वाटलं, ही तर माझ्यासारखीच आहे. यादी करणारी.

आणि मी काय करायला हवं होतं, ते मला त्या क्षणी माहीत होतं. तिकडं तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. ऑफिस उघडलेलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या मुलाला पत्र गेलेलं नव्हतं. तीन ओळींचा मेल पुरला असता — माझी चूक झाली, उमेदवाराला न विचारता मी कळवलं, पहिलं नाव कायम ठेवा. तीन ओळी. पण त्या तीन ओळींची एक प्रत सरांना गेली असती. ‘उमेदवाराला न विचारता’ हे सरांनी वाचलं असतं. डच बाईंनी वाचलं असतं. आणि समोर बसलेल्या या दोघांनाही आत्ता, चहा यायच्या आधी, सांगावं लागलं असतं.

मी म्हणाले, “तिकडून उत्तर आलंय. जागा दुसऱ्याला दिलीय त्यांनी.”

प्राजक्तानं फाइलमधून वही-पेन काढलं. वडिलांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि मग तिनं विचारलं. अगदी साधं विचारलं, रडवेली वगैरे झाली नव्हती.

“मॅडम, कारण काय दिलं त्यांनी?”

मी इथंच थांबायला हवं होतं. कारण देत नाहीत ते, असं म्हणता आलं असतं. स्पर्धा फार होती, असं म्हणता आलं असतं. पण ती वही-पेन काढून बसली होती, लिहून घ्यायला. पुढच्या वेळी सुधारायचं म्हणून. मला काहीतरी नेमकं द्यावंसं वाटलं. का? मला अजून कळत नाही. खोटं जितकं नेमकं, तितकं ते खरं वाटतं, म्हणून? की नीट काम करायची सवयच तेवढी, म्हणून? माझ्या तोंडून आलं, “विषय फार स्थानिक वाटला त्यांना.”

तिनं ते लिहून घेतलं.

हे आहे ते.

मी त्यांना खाली सोडायला निघाले, तेव्हा बाळगोंडा जिन्यात मागं राहिले. लेक पुढं गेल्याचं बघून हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही माझं ऐकलंसा व्हय? मी परवा येड्यावानी बोललो ते?”

मी म्हटलं, “नाही हो. तिकडूनच आलं.”

त्यांनी केवढा मोठा श्वास सोडला. “मग ऱ्हाऊंदे,” म्हणाले. “तिच्या नशिबात न्हवतं.” आणि मला नमस्कार करून गेले. हे खोटं मी त्यांच्यासाठी बोलले की माझ्यासाठी? कधी वाटतं, निदान एवढं तरी बरं केलं. त्या माणसाच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं राहिलं असतं. मग वाटतं, ओझं त्याचं होतंच कुठं? ज्याचं नव्हतंच, ते मी उतरवलं आणि वर त्याचा नमस्कारही घेतला.

पुढच्या वर्षी त्या डच बाई स्वतः आल्या. कक्षानं मोठा समारंभ केला. फेटा त्यांना फार शोभला. जेवताना त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं — ती मुलगी, जिच्या वडिलांचं रान पांढरं पडलंय, तिचं काय झालं? आम्ही तिचं लिहिणं अजून आमच्या विद्यार्थ्यांना वाचायला देतो. सरांनी माझ्याकडं पाहिलं. सगळं टेबल माझ्याकडं बघत होतं.

“लग्न ठरलं तिचं,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, जरा दुःखानं. त्यांना ते लगेच पटलं. सरांनाही पटलं. आमच्याकडच्या मुलीविषयी तेवढं सांगितलं, की पुढं कुणी काही विचारत नाही. लग्न कुठलं? त्या वेळी प्राजक्ता दोन इमारती पलीकडं प्रयोगशाळेत होती. बोलावलं असतं, तर पाच मिनिटांत आली असती.

करार पुढं चालू राहिला. आता तर तिकडची मुलंही येतात, दोन विषयांचे गुण दोन्हीकडं धरले जातात, आमच्या कक्षाला तिसरी खोली मिळाली. बाहेरचे लोक कार्यपद्धती बघायला येतात, आणि मी त्यांना रकाने दाखवते. हे सगळं खरं आहे, चांगलं आहे, कितीतरी मुलं त्यामुळं जाऊन आली. मग त्या चांगल्यात हे कुठं बसवायचं? वेगळं काढता येतं का ते?

प्राजक्तानं विषय बदलला. पाण्यातल्या कसल्याशा सूक्ष्म कणांवर काम केलं, जे कुठल्याही गावात बसून करता येतं. आता जयसिंगपूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. भेटली की हसून बोलते. तिचं वाटोळं झालं, असं मला म्हणता येत नाही. तसं झालं असतं, तर निदान मला कळलं असतं की मी काय केलं. हे असं — अर्धंमुर्धं, बरं चाललेलं — याचं मोजमाप मी कसं करू? ती तिकडं जाऊन परत आली असती, तर ते रान सुधारलं असतं का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. माहीत होण्याची जी एक वाट होती, ती मी एका गुरुवारी बंद केली, एवढंच माहीत आहे.

यंदा आम्ही आसपासच्या महाविद्यालयांतल्या मुलांसाठी शिबिर घेतलं — परदेशी अर्ज कसा करावा. प्राजक्ता तिच्या वर्गातल्या मुलांना घेऊन आली होती. उद्घाटन करून निघताना सरांनी तिलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. ती छान बोलते. समोरच्या मुलांतून मलकापूरकडची एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं गवं भातात शिरत्यात. राखायला माणसं माळ्यावर बसत्यात. त्यावर लिहू काय?”

“लिही की,” प्राजक्ता म्हणाली. मग जरा थांबली. “पण फार स्थानिक होतंय गं. बाहेरच्यांना त्याचं काय? जगाला कळंल असं मोठं काहीतरी घे. मी अनुभवानं सांगतेय. मला नेदरलँड्सनं याच कारणासाठी नाकारलंय. खोटं वाटत असेल, तर या मॅडमना विचार की!”

आणि हसून तिनं माझ्याकडं हात केला. मी पहिल्या रांगेत होते. सगळं सभागृह वळून माझ्याकडं बघायला लागलं. ती मलकापूरची मुलगीही.

मी मान हलवली. होय म्हणून.

गेल्या आठवड्यात त्या मुलीचा अर्ज माझ्याकडं आला. विषय: हवामानबदल आणि जैवविविधता. दोन पानं आहेत, व्याकरण स्वच्छ आहे. गवा कुठं नाही, भात नाही, माळा नाही. मी शिक्का मारला आणि तो पुढं पाठवला.

नेदरलँड्सनं प्राजक्ताला कधीच नाकारलं नव्हतं. तिचा विषय त्यांना हवा होता, त्याच्या मातीसकट. ते वाक्य माझं आहे, आणि ती ते आता शिकवते.